खुलासा : सीट काढल्या म्हणजे स्कूल बसचं घर होत नाही

‘अमेरिकेत जुनी स्कूल बस स्वस्तात मिळते. सीट काढा, गादी टाका आणि तशीच पिवळी बस घेऊन फिरा. कसलेही कागद लागत नाहीत’, असा मेसेज फिरतो आहे. बस स्वस्तात मिळते, एवढं खरं. बाकीचं चुकीचं आहे आणि रंगाबद्दलचं तर धोक्याचं.

तो पिवळा रंग १९३९ साली न्यूयॉर्कमधल्या परिषदेत ठरला, मुलांची बस लांबूनच ओळखू यावी म्हणून. त्यामुळे बस शाळेच्या कामातून निघाली की रंग बदलायचा, ‘स्टॉप’चा हात (बसच्या बाजूला उघडणारी ‘थांबा’ची पाटी) आणि लुकलुकणारे लाल दिवे काढायचे किंवा बंद करायचे, असा अनेक राज्यांत नियम आहे. योग्यच आहे तो. मुलं चढता-उतरताना हे दिवे लागले की तिथे बाकीच्या गाड्यांना थांबावं लागतं. अशा बसला फसून लोकांची ती थांबायची सवय मोडली, तर जीव मुलांचा जाईल.

नोंदणीही ‘मोटरहोम’ म्हणून बदलून घ्यावी लागते; अटी राज्यागणिक वेगळ्या.

आणि खरी मेहनत तळाशी असते. रबरी मॅट उचलली की खालचं प्लायवूड बऱ्याचदा कुजलेलं निघतं, त्याखालच्या पत्र्याला सीटच्या बोल्टच्या भोकांभोवती गंज. तो न घासता, भोकं न बुजवता, गंजरोधक रंग न देता वर लाकूड ठोकलं, तर पत्रा आतल्या आत सडत राहतो.

हे पाहून इथे जुनी बस शोधणाऱ्यांसाठी : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. आधी आरटीओत विचारा, मगच पैसे द्या.