‘प्लग बदला, प्लग बदला’ म्हणणाऱ्यांनो, आधी ती वायर बघा!

चेनसॉची, म्हणजे लाकूड कापायच्या पेट्रोलवरच्या करवतीची, स्टार्टरची दोरी ओढून ओढून उजवा खांदा भरून आलाय. हात डोक्याच्या वर गेला की कळ येते. आणि हे सगळं कशामुळे? एका वायरचं जेमतेम नखाएवढं आवरण घासून गेलं होतं म्हणून! तीन आठवडे मी या छोट्या चेनसॉमागे घालवले. तीन प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारे) बदलले, प्लगला करंट देणारी एक नवी कॉइल घेतली, काही बिघडलेलं नसताना पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर खोलून घेतला. ज्याला विचारावं त्याचं एकच उत्तर, प्लग बदला.

मशीन दहा-बारा मिनिटं झकास चालायचं आणि चालता चालता खटकन बंद पडायचं. हा ‘खटकन’ शब्द मी प्रत्येकाला सांगितला. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन आधी कुरकुरतं, आवाज चढतो-उतरतो, धाप लागल्यासारखं करतं आणि मग मरतं. करंट गेला की बटण दाबल्यासारखं एका क्षणात बंद. आवाजावरूनच निम्मं निदान होतं, पण ऐकून कोण घेणार? मेकॅनिकने माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कार्बोरेटरला हात घातला.

प्लगवर माझा राग नाही. प्लग खराब होतोच. पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल जास्त पडलं की काळा, ओलसर होतो, ठिणगी उडते ती टोकांमधली गॅप वाढते, पोर्सेलीनला तडा जातो. बहुतेक छोट्या मशीनला गॅप अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लागते, ती फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, बघायला एक मिनिट पुरतं. बघा की! पण नवा प्लग लावूनही मशीन तेच करत असेल तर दुसरा नवा प्लग लावून काय होणार आहे? मला तिसरा प्लगसुद्धा ‘आधीचा डुप्लिकेट असेल’ म्हणून घ्यायला लावला.

मग ती सगळ्यांची आवडती टेस्ट. प्लग काढा, कॅपमध्ये घाला, सिलिंडरच्या धातूला टेकवा, दोरी ओढा. निळी ठिणगी दिसली की ‘करंट आहे’ म्हणून मोकळे! अहो, मोकळ्या हवेत उडालेली ठिणगी दाबाखाली उडेलच असं नाही. सिलिंडरच्या आत मिश्रण दाबलं गेलेलं असतं, तिथे तीच गॅप ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. अशक्त कॉइल बाहेर ठिणगी दाखवते आणि आत हात टेकते. म्हणून गॅप कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर लावायचा आणि मोठ्या गॅपवर ठिणगी उडते का ते बघायचं. आणि कृपा करून प्लगच्या भोकाजवळ ही टेस्ट करू नका. दोरी ओढली की त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारीच आपण ठिणगी पाडत असतो. लोक हे सर्रास करतात, इतरांना शिकवतातही, आणि ते बघून माझं डोकं फिरतं.

आता त्या वायरकडे येतो, कारण माझा खरा संताप तिथे आहे.

घरातल्या दिव्याचा स्विच बंद केला की सर्किट तुटतं. चेनसॉचा स्टॉप स्विच बरोबर उलटा असतो. त्याने सर्किट तुटत नाही, जोडलं जातं. कॉइलपासून एक बारीक वायर स्विचकडे जाते, आणि स्विच बंदवर टाकला की ती वायर इंजिनच्या धातूच्या बॉडीला जोडली जाते, म्हणजे ‘अर्थिंग’ होतं. कॉइलचा जोर तिथेच जिरतो, प्लगपर्यंत काही पोचत नाही. म्हणजे ही वायर तुटली तर मशीन बंद होणार नाही, पण ती वाटेत कुठेही उघडी पडून धातूला टेकली तर मशीन चालू होणार नाही. इतकी साधी गोष्ट! पण मेकॅनिकने वायर ओढून बघितली, ‘तुटलेली नाही’ म्हणाला आणि विषय संपवला. तुटलेली नाहीच ती, टेकलेली आहे!

तपासायला काय लागतं? स्टार्टरचं कव्हर काढायचं, कॉइलवरून त्या वायरचं टोक उपसायचं, दोरी ओढायची. आता ठिणगी आली तर कॉइल ठीक, दोष वायरमध्ये नाहीतर स्विचमध्ये. पाच मिनिटांचं काम. फक्त वायर सुटलेली असताना इंजिन चालू झालं तर स्विचने बंद होणार नाही, हवा अडवणारा चोक ओढूनच मारावं लागतं. त्यामुळे साखळी अडवणारा चेनब्रेक लावूनच हे करायचं. मल्टिमीटर असेल तर स्विच चालूवर ठेवून वायर आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी, म्हणजे करंटला रस्ता आहे का, ते बघायचं (नसायला हवा), पण वायर कॉइलवरून काढल्यावरच. कॉइलला जोडलेली असताना बघितलं तर कॉइलच्या आतूनच रस्ता मिळतो, मीटर वाजतो आणि माणूस फसतो.

हे कुणी केलं? कुणीच नाही. ‘गरम झाल्यावर बंद पडतं म्हणजे कॉइल गेली,’ एवढ्यावर निकाल लागला. गरम झाल्यावर दगा देणाऱ्या कॉइल असतात, मान्य. आतल्या बारीक तारेचा किंवा इलेक्ट्रॉनिक भागाचा जोड तापला की सुटतो आणि थंड झाला की जुळतो. पण अशा मशीनला थंड व्हायला वेळ द्यावा लागतो. माझं मशीन कधी पुढच्याच मिनिटाला चालू व्हायचं आणि कधी तासाभराने थंडगार असतानाही नाही. बंद पडायचं ते बहुतेक वेळा आडवं धरल्यावर. हेही मी सांगितलं होतं. धरण्याच्या पद्धतीवर दोष येतो-जातो म्हणजे काहीतरी हलतंय, एवढं कळायला काय लागतं?

कॉइल बदलली तीही कशी, तर डोळ्याच्या अंदाजाने. कॉइलचे लोखंडी पाय आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनबरोबर फिरणारं मॅग्नेटचं चाक, यांच्यातली फट साधारण पाव ते 0.3 मिलिमीटर लागते, नेमका आकडा त्या मशीनच्या पुस्तकातून घ्यायचा. एक जाडसर कार्ड मध्ये सरकवायचं, फ्लायव्हीलचं मॅग्नेट समोर आणायचं, ते कॉइलला ओढून घेतं, मग स्क्रू आवळायचे आणि कार्ड काढायचं. इथे एक मिलिमीटरच्या वर फट ठेवली होती! त्यामुळे जो थोडाफार करंट येत होता तोही गेला. त्यावर मला काय सांगितलं, तर ‘फ्लायव्हीलची चावी तुटली असेल’. ही चावी म्हणजे फ्लायव्हील जागेवर धरणारा छोटा तुकडा; ती सरकली तर ठिणगीचं टायमिंग चुकतं, ठिणगी असूनही मशीन पेटत नाही, दोरी हातातून झटका मारते. इथे मुळात ठिणगीच नव्हती. तोंडाला येईल ते बोलायचं आणि पुढचा भाग विकायचा!

शेवटी एका रात्री मीच सगळं उघडून बसलो. कॉइलपासून हँडलकडे जाताना ती वायर बॉडीच्या एका ओतीव कडेवरून वळते. कड धारदार, तिथे रबरी बूच नाही, वायर धरून ठेवणारी क्लिप नाही. मशीन मिनिटाला हजारो फेऱ्यांनी थरथरतं. अशा जागी वायर घासणार नाही तर काय होणार? आवरण जाऊन आतली तांब्याची तार चमकत होती. हे ज्याने डिझाइन केलं त्याने हातात धरून एक तास तरी हे मशीन चालवलं होतं का? पुस्तकात बिघाडांचा तक्ता आहे, त्यात ‘ठिणगी नाही’ यापुढे ‘प्लग बदला’ आणि त्यापुढे ‘सर्व्हिस सेंटरला दाखवा’. त्या वायरचा उल्लेख एकाही ओळीत नाही.

कानशीने ती कड बोथट केली, वायरवर स्लीव्ह चढवलं, धातूपासून लांब बांधली. मग मुद्दाम जुनीच कॉइल परत लावली, कार्डाने गॅप धरून. तिसऱ्या दोरीला मशीन चालू. आडवं धरलं, उलटं केलं, टाकीभर चालवलं, एकदाही बंद पडलं नाही. नवी कॉइल परत करायला गेलो तर ‘इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाही’. जी कॉइल कधी गेलीच नव्हती, ती ‘गेली’ म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?