प्रेक्षकाच्या तहानभुकेचं काय?

२०१४ च्या फुटबॉल विश्वचषकात फोर्टालेझाला नेदरलँड्स विरुद्ध मेक्सिको सामना झाला, तेव्हा ऊन इतकं होतं की पंचांनी दोन्ही हाफमध्ये खेळ थांबवून खेळाडूंना पाणी पिऊ दिलं. नेदरलँड्सचे प्रशिक्षक लुई व्हान गाल यांनी दुसऱ्या ब्रेकमध्ये संघाची रचना बदलली आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल मारून त्यांच्या संघाने सामना फिरवला. २०२६ च्या विश्वचषकासाठी तर फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, सरसकट नियमच केला: हवा कशीही असो, प्रत्येक हाफमध्ये तीन मिनिटं पाण्यासाठी. मला हा निर्णय मनापासून पटतो. पळणाऱ्या माणसाला पाणी मिळालंच पाहिजे. पण त्याच उन्हात तीन-चार तास स्टँडमध्ये बसलेल्या माणसाचं काय? त्याची बाटली गेटवरच काढून घेतलेली असते.

बाटली का काढतात ते मला समजतं. झाकण घट्ट लावलेली भरलेली बाटली दगडासारखी लांब जाते आणि ज्याच्या डोक्यात बसेल त्याला रक्तबंबाळ करते. झाकण नसलं की फेकल्याबरोबर पाणी वाटेतच सांडतं, बाटलीला वजन उरत नाही. म्हणून कितीतरी स्टेडियममध्ये आत विकत घेतलेल्या बाटलीचंही झाकण काउंटरवरचा माणूस फिरवून स्वतःकडे ठेवतो. मग ती उघडी बाटली दोन बोटांत धरून जिने चढायचे, लोकांच्या गुडघ्यांना घासत आपल्या जागेवर पोचायचं आणि पुढची चाळीस मिनिटं ती दोन पायांच्या मध्ये सांभाळत बसायचं. कॉर्नर किक आली की सगळे उठतात, बाटली आडवी होते आणि पुढच्या रांगेतल्या माणसाचे बूट भिजतात. सुरक्षेसाठी मी हे आनंदाने सोसेन. पण बाटली काढून घेताय, तर आत प्रत्येक मजल्यावर पिण्याच्या पाण्याचे नळ द्या, रिकामी मऊ प्लास्टिकची बाटली आत नेऊ द्या आणि ते नळ कुठे आहेत हे तिकिटावर छापा. पाणी काढून घ्यायचं आणि तेच पाणी आत विकायचं, ही सुरक्षा नव्हे, धंदा आहे. अशा वेळी अडल्या हरीला गाढवाचे पाय धरावेच लागतात, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

यात सगळ्यात जास्त हाल होतात ते लहान मुलांचे, म्हाताऱ्या माणसांचे आणि ज्यांना ठरलेल्या वेळी खावंच लागतं त्यांचे. मधुमेह असलेला माणूस बॅगेत चार बिस्किटं ठेवून येतो, ती चैन म्हणून नव्हे. गेटवरच्या पोराला वरून हुकूम असतो, 'बाहेरचं खाणं आत नाही'. त्या पोराशी वाद घालण्यात अर्थ नाही. नियम लिहिणाऱ्यांनीच त्यात औषधपाण्याची आणि पोराबाळांची सोय आधी लिहून ठेवायला हवी.

आता हाफटाइमकडे येतो, कारण खरी गंमत आणि खरा छळ दोन्ही तिथेच आहे.

नियमाप्रमाणे हाफटाइम पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नसतो. एवढ्या वेळात माणसाने जागेवरून उठायचं, जिना उतरायचा, बाथरूमची रांग लावायची, मग खाण्याची रांग लावायची, पैसे द्यायचे, हातात गरम काहीतरी घेऊन परत यायचं. साधा हिशेब करून बघा. काउंटरवर एका माणसाला अर्धं मिनिट धरलं, तर पंधरा मिनिटांत एका खिडकीवरून तीस जणांचं काम होतं. साठ हजारांच्या स्टेडियममधले वीस हजार लोक उठले, तर साडेसहाशेहून जास्त खिडक्या लागतील. एवढ्या खिडक्या कुणी बांधत नाही. म्हणून चाळिसाव्या मिनिटापासूनच रांगा वाढायला लागतात. शहाणी माणसं हाफ संपायच्या आधी पाच मिनिटं उठतात, आणि नेमका तेव्हाच गोल होतो. स्टँडच्या मागच्या पॅसेजमध्ये उभं असताना डोक्यावरचं काँक्रीट हादरतं, गर्जना येते आणि रांगेतले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात: कुणी मारला? मी त्या रांगेत उभा राहिलेला माणूस आहे. ज्या क्षणासाठी तिकीट काढलं तो भिंतीपलीकडे घडतोय, हे दुःख कुठल्याही सॉसेजने भरून येत नाही.

२५ मे २००५ ची इस्तंबूलची चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची, फायनल आठवा. हाफटाइमला एसी मिलान ३-० ने पुढे होतं. दुसऱ्या हाफमध्ये ५४, ५६ आणि ६० व्या मिनिटाला जेरार्ड, स्मिचर आणि झाबी अलोन्सो यांनी लिव्हरपूलसाठी तीन गोल मारले. म्हणजे खेळ पुन्हा सुरू झाल्यावर जो पाव तास रांगेतच अडकला असेल, त्याने फुटबॉलच्या इतिहासातली ती सहा मिनिटं घालवली. जागेवर बसून खाता येणं म्हणूनच मला इतकं महत्त्वाचं वाटतं. जर्मनीत पाठीवर बिअरची टाकी बांधून विक्रेते स्टँडच्या पायऱ्यांवर फिरतात, नळीने ग्लास भरून देतात. प्रेक्षक जागचा हलत नाही, त्याची नजर मैदानावरच राहते. ग्लासला डिपॉझिट असतं, परत दिला की पैसे परत, त्यामुळे खाली कचराही कमी. असल्या साध्या सोयीला कुठलंही मोठं तंत्रज्ञान लागत नाही.

तंत्रज्ञानवाल्यांनीही प्रयत्न केलेत. २०१९ मध्ये उघडलेल्या, लंडनच्या टॉटनहॅम क्लबच्या नव्या स्टेडियममध्ये ६५ मीटर लांबीचा बार आहे, ग्लास खालून भरणारी यंत्रं आहेत आणि रोख पैसे चालतच नाहीत. वेग वाढतो, मान्य. पण ज्याच्याकडे कार्ड नाही, ज्याच्या फोनची बॅटरी संपली, खिशात नोटा घेऊन आलेले आजोबा, यांना उपाशी ठेवून वेग कसला मिरवायचा? एखादी तरी खिडकी रोख पैशांसाठी उघडी ठेवाच.

किमतींबद्दल एक उदाहरण मला फार आवडतं. अटलांटाचं मर्सिडीझ-बेंझ स्टेडियम २०१७ मध्ये सुरू झालं, तेव्हा मालकांनी ठरवलं की खाणं बाहेरच्यासारख्याच भावात द्यायचं. हॉट डॉग दोन डॉलर, पुन्हा पुन्हा भरून घेता येणारं सॉफ्ट ड्रिंकही दोन डॉलर. अटलांटा फाल्कन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या तिथल्या पहिल्याच हंगामात, आधीच्या स्टेडियमपेक्षा किमती जवळपास निम्म्यावर आणूनही माणशी खर्च १६ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनी जाहीर केलं. आपला फुटबॉल खेळणारा अटलांटा युनायटेड संघही त्याच स्टेडियममध्ये खेळतो. भाव उतरला की बाप पोरांना 'घरी जाऊन जेवू' म्हणत नाही, चौघांसाठी घेतो, आणि लोक लवकर येतात. लवकर आले की गेटवरची शेवटच्या क्षणाची रेटारेटीही कमी होते. तेव्हा 'स्वस्त दिलं तर परवडत नाही' हे ऐकलं की माझा संताप होतो.

बिअरचा विषय टाळून पुढे जाता येणार नाही. लोक यावर फार पटकन बाजू घेतात, पण इतिहास माहीत असला तर जरा सबुरीने बोलता येतं. १० मे १९८० ला ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर सेल्टिक-रेंजर्स स्कॉटिश कप फायनलनंतर मैदानावरच दंगल झाली, आणि त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये फुटबॉल मैदानांवर दारूबंदीचा कायदा आला. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्याने मैदान दिसेल अशा जागी दारू पिण्यावर बंदी घातली. ते दशकच भयंकर होतं. तेव्हा सरकारं घाबरली, आणि त्यांची भीती खोटी नव्हती.

पण नंतर स्टेडियमच बदलली. १९८९ च्या हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीनंतर आलेल्या टेलर यांच्या चौकशी अहवालामुळे इंग्लंडच्या मोठ्या मैदानांवर प्रत्येकाला नंबरची खुर्ची आली, कुंपणं गेली, कॅमेरे आले. दारूचा नियम मात्र तसाच राहिला. परिणाम काय? मैदान दिसतं तिथे ग्लास नेता येत नाही, म्हणून माणूस मागच्या पॅसेजमध्ये उभा राहून पंधरा मिनिटांत दोन ग्लास घशाखाली ओततो. जो सावकाश पाऊण तास एक ग्लास पुरवून प्यायला असता, तोच घाईघाईने जास्त पितो, आणि त्याच पॅसेजमध्ये चहासाठी आलेल्या बाईला आणि मुलाला धक्के बसतात. त्याच देशात रग्बी आणि क्रिकेटचे प्रेक्षक आपल्या जागेवर बसून पितात. फुटबॉलचा प्रेक्षक तेवढा जन्मतः दंगेखोर, असं मानणारा नियम मला अपमानकारक वाटतो. माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्या नेतृत्वाखालच्या समितीने २०२१ च्या अहवालात खालच्या श्रेणीच्या लीगमध्ये हा नियम शिथिल करून बघावा असं सुचवलं होतं. २०२५ मध्ये महिलांच्या चॅम्पियनशिपमधल्या, म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधल्या, चार क्लबांनी जागेवर पिण्याची परवानगी देऊन तसा प्रयोगही केला. माझं मत स्पष्ट आहे: मर्यादेत, बसल्या जागी, आणि ज्यांना दारूचा वासही नको त्यांच्यासाठी काही स्टँड पूर्ण कोरडे. दोन्ही प्रकारच्या माणसांना सामना सुखाने बघता आला पाहिजे.

कुठल्याही देशाने आपल्या रीतीप्रमाणे बंदी घातली तर तीही मला मान्य आहे, फक्त ती सर्वांना सारखी हवी. कतारच्या विश्वचषकात पहिल्या सामन्याच्या दोन दिवस आधी, १८ नोव्हेंबर २०२२ ला, स्टेडियममधली बिअरविक्री बंद झाली. महागड्या खास कक्षांमध्ये मात्र दारू मिळत राहिली. ब्राझीलमध्ये याच्या उलट: देशाने स्टेडियममध्ये दारू बंद केली होती, ती २०१४ च्या विश्वचषकापुरती २०१२ मध्ये खास कायदा करून उठवली गेली, कारण फिफाच्या प्रायोजकांत एक बिअर कंपनी होती. दोन्ही वेळा साध्या तिकिटावर बसलेल्या माणसाला कुणी काही विचारलं नाही.

नोव्हेंबर २००० मध्ये मँचेस्टर युनायटेडने डायनामो कीव्हला हरवल्यावर कर्णधार रॉय कीन वैतागला होता. घरच्या मैदानावरच्या काही प्रेक्षकांबद्दल तो म्हणाला की, हे लोक दोन-चार पेग आणि कोळंबीचं सँडविच घेऊन बसतात आणि मैदानावर काय चाललंय ते त्यांना कळत नाही. ते वाक्य पंचवीस वर्षं गाजतंय. तरी मला ते अर्धंच पटतं. कोळंबीचा काहीच गुन्हा नाही. चांगलं खाल्ल्याने फुटबॉल कळेनासा होत नाही. चूक तेव्हा होते जेव्हा काचेच्या मागच्या दोनशे माणसांसाठी आचारी असतो आणि गोलमागच्या दहा हजारांसाठी दुपारपासून गरम दिव्याखाली वाळत पडलेला मीट पाय, म्हणजे पिठाच्या कवचात मांसाचं सारण भरलेला पदार्थ, असतो.

तो मीट पाय चांगला असला तर काय सुख आहे! थंडीत, हाताला कागदातून चटका बसतोय, वरचं कवच दाताखाली तुटतं आणि आतला दाट रस्सा जीभ भाजतो. सोबत स्कॉटलंडमध्ये बोव्हरिल, म्हणजे मांसाच्या अर्काचं वाफाळतं खारट पेय, ज्याचा कप आधी बोटं शेकायला आणि मग प्यायला. स्पेनमध्ये हाफटाइमला घरून आणलेली, फॉइलमध्ये गुंडाळलेली सँडविचं बाहेर निघतात आणि सामनाभर सूर्यफुलाच्या बिया सोलणं चालू असतं. गोल होईना की सोलण्याचा वेग वाढतो. अर्जेंटिनात स्टेडियमबाहेर कोळशावर भाजलेल्या सॉसेजचा धूर गल्लीभर असतो. यातलं काहीच महाग नाही, आणि हेच जपायला हवं. मोठ्या केटरिंग कंपनीचं कंत्राट आलं की सगळीकडे तोच बर्गर आणि तेच चिप्स येतात.

काही क्लबांनी मात्र मनावर घेतलंय. डेलिया स्मिथ, इंग्लंडला स्वयंपाक शिकवणारी बाई, अनेक वर्षं नॉरिच सिटीच्या प्रमुख मालकांपैकी एक होती. तिने क्लबच्या खानपानात स्वतः लक्ष घातलं. फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स या छोट्या क्लबने २०१५ पासून सगळं खाणं व्हिगन केलं. मी स्वतः तेवढं टोक गाठणार नाही, पण शाकाहारी माणसाला तिथे फक्त चिप्सवर भागवावं लागत नाही, ही गोष्ट मोठी आहे. एप्रिल २०२१ मध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेसच्या सामन्यात रमजानचा रोजा सोडता यावा म्हणून गोलकिकच्या वेळी खेळ क्षणभर थांबला, आणि वेस्ली फोफाना आणि चेखू कुयाते या खेळाडूंनी दोन घोट घेतले. मार्च २०२३ मध्ये चेल्सीने आपल्या मैदानावर सर्वांसाठी इफ्तार ठेवला. मनात आलं तर सोय होते, हे यातून दिसतंच.

क्लबकडून हंगामाच्या शेवटी मतं मागवणारा फॉर्म येतो, तो बहुतेक जण न उघडता पुसून टाकतात. तुमचा कुठला का क्लब असेना, या वेळी तो भरा. खानपानाच्या रकान्यात निदान तीन गोष्टी लिहा: फुकट पाण्याचे नळ, रोख पैशांची एक खिडकी आणि जागेवर येणारा विक्रेता. आणि मैदानावर खाल्लेली सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट गोष्ट कुठली, ते खाली सांगा. मी सगळ्या कमेंट वाचणार आहे.