गंमत तुमची, पेट्रोल कोणाचं?

गोव्यात फोंड्याला तिस्काजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा जुंपली ती एका पायलटाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या, पेट्रोलवरून. भर पावसात त्याला फोन आला, 'पाहुण्यांना बसस्टँडवर सोडायचंय, लवकर ये.' बिचारा रेनकोट चढवून बोरीचा पूल ओलांडून लोटलीला गेला, तर घराला कुलूप आणि फोन बंद.

बाबलोला हसू आवरेना. "एवढं काय मरे त्यात? चवथीचा चंद्र चुकून दिसला की आपण शेजाऱ्याच्या कौलांवर दगड मारत नव्हतो?"

"मारत होतो," मास्तर म्हणाले, "पण शिव्या खाण्यासाठी. शिव्या मिळाल्या तर खोटा आळ टळायचा, म्हणून ऐकू येईल एवढ्या अंतरावर उभं राहावंच लागायचं. तुझा हा फोनवाला कुठे उभा होता?"

मास्तर एकदा सुरू झाले की पातळभाजी थंड होते. त्यांनी थेट लंडन गाठलं. 27 नोव्हेंबर 1810, बर्नर्स स्ट्रीट. थिओडोर हुक नावाच्या लेखकाने एका बाईंच्या नावाने गावभर पत्रं धाडली. सकाळपासून तिच्या दारात धुराडी साफ करणारे, कोळशाच्या गाड्या, केकवाले, डॉक्टर, अगदी लंडनचे लॉर्ड मेयरसुद्धा! रस्ता तुंबला. हुक म्हणे समोरच्या घरात बसून मजा बघत होता.

"कसलं डोकं!" बाबलो खूश.

"आणि त्या केकचे पैसे?"

यावर बाबलोने हुकमी पत्ता काढला. 1 एप्रिल 1957. बीबीसीने आपल्या 'पॅनोरमा' या टीव्ही कार्यक्रमात दाखवलं की स्वित्झर्लंडमध्ये झाडांना स्पॅगेटी लागते आणि बायका ती तोडून उन्हात वाळवतात. लोकांनी रोप कसं लावायचं विचारलं, तर उत्तर मिळालं, 'टोमॅटो सॉसच्या डब्यात एक काडी खोचा आणि आशा ठेवा.' इथे कोणाचा खिसा कापला गेला, सांगा! मास्तरांनाही हसू आलं. मी इथे बाबलोच्या बाजूने. तीर मोठ्या नावाच्या संस्थेने सोडला होता, आणि शिव्या घालायच्या तर पत्ताही माहीत होता.

मग भाईंनी 2012 सालचं काढलं. ऑस्ट्रेलियातल्या रेडिओवाल्यांनी इंग्लंडच्या राणीचा नि तिच्या मुलाचा, चार्ल्सचा, आवाज काढून लंडनच्या इस्पितळात फोन केला. तिथे राजपुत्र विल्यमची बायको केट दाखल होती. पहाटेची वेळ, ऑपरेटर नाही. आपल्या मंगळूरकडच्या एका नर्सने फोन उचलून आत जोडून दिला, एवढंच. तीन दिवसांनी तिने जीव दिला.

"असं होईल हे त्यांना काय ठाऊक?" बाबलोचा आवाज उतरला होता.

ठाऊक नव्हतं, मान्य. पण फोन थेट प्रसारित झाला नव्हता. आधी रेकॉर्ड केला, मग लावला. म्हणजे शांतपणे विचार करायला सवड होती. नेम राजघराण्यावर आणि लागलं कोणाला? रात्रपाळीच्या बाईला. 'नकळत झालं' हे मला तरी पटत नाही.

इतका वेळ चहा पीत बसलेला पायलट मधेच बोलला, "पेट्रोलचं सोडा हो. आता लोटलीहून बोलावणं आलं की मी उलटा फोन करून खात्री करतो. नाही लागला तर जात नाही. आणि तिकडचं नेटवर्क कसं आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे."