कागदोपत्री आम्ही मिलानमध्ये होतो

शेंगेन व्हिसासाठी अर्ज करताना परदेशातली प्रत्येक रात्र आपण कोठे काढणार आहोत, हे कागदपत्रांसह सांगावे लागते. आमच्या यजमानांनी 21 रात्रींपैकी पहिल्या 14 रोम आणि फ्लॉरेन्समध्ये वाटून टाकल्या आणि उरलेल्या 7 रात्रींसाठी मिलानच्या एका हॉटेलात, पैसे न कापता रद्द करता येईल असे आरक्षण करून ठेवले, कारण परतीचे विमान मिलानहून होते. "शेवटचा आठवडा मोकळा ठेवायचा आणि तिथे गेल्यावर मनाला येईल तिकडे जायचे," असे ते मे महिन्यात पुण्यात बसून म्हणाले, तेव्हा लग्नानंतर प्रथमच मला त्यांच्यात कवी दिसला. आपण चौघे जाणार आहोत आणि म्हणून मनेही चार असणार आहेत, हा हिशेब मात्र त्या कवीला सुचला नाही आणि मलाही सुचला नाही.

आमच्या दोघांखेरीज उरलेली दोन मने कोल्हापूरची होती: यजमानांच्या थोरल्या भगिनी, म्हणजे माझ्या वन्सं, आणि भावोजी. वन्संचे वय 68, गुडघे त्याहून थोडे वडील, आणि आहार जन्मापासून शुद्ध शाकाहारी. रोममधले 7 दिवस अतिशय सलोख्यात गेले, कारण तेथे काय पाहायचे याबद्दल वाद घालण्याची सोयच नाही. कोलोसियमला जायचे की नाही, असे कोणी विचारत नाही. फ्लॉरेन्सच्या भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती, दहाव्या दिवशी रात्री जेवणे झाल्यावर यजमानांनी नकाशा उघडला आणि "हं, मग पुढे कुठे?" असे विचारले. इटलीच्या प्रवासाचा खरा प्रारंभ मी त्या क्षणापासून धरते.

यजमानांचा स्वतःचा कौल सिसिलीला होता. तेथे एटना हा जागृत ज्वालामुखी आहे, ग्रीकांनी बांधलेली मंदिरे आहेत, पालेर्मोच्या रस्त्यावर हरभऱ्याच्या पिठाच्या वड्या तळून पावात घालून देतात. परंतु यांतले काहीही त्यांचे खरे कारण नव्हते. मुख्य भूमी आणि सिसिली यांच्यामधली मेसिनाची सामुद्रधुनी ओलांडण्यासाठी तेथे आगगाडीचे डबे सुटे करून बोटीच्या पोटात ढकलतात आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा जोडतात, हे त्यांनी कोठेतरी वाचले होते.

"ताई, अख्खी रेल्वे बोटीत चढते!"

"आणि आपण?"

"आपण डब्यात बसलेले असतो."

"मग आपल्याला दिसणार काय? बोटीची भिंत?" वन्संनी विचारले आणि सिसिलीचा निम्मा निकाल तेथेच लागला. नुसत्या रोमहून पालेर्मोला आगगाडीने अकरा-बारा तास लागतात, आपण तर रोमच्याही उत्तरेला बसलो आहोत आणि विमान त्याहून उत्तरेला आहे, हे कळल्यावर उरलेला निम्माही लागला.

भावोजींना चिंक्वे तेर्रेला जायचे होते. समुद्रावरच्या कड्यांना बिलगलेल्या रंगीत घरांच्या या पाच गावांचे चित्र त्यांच्या कोल्हापुरातल्या दंतवैद्यांच्या भिंतीवर आहे आणि दाढेचे काम चालू असताना गेली चार वर्षे ते त्याच चित्राकडे पाहत आले आहेत. वेदनेतून निर्माण झालेल्या या ओढीचा आम्हा सर्वांना आदर होता. तिकडे 'फारिनाता' नावाचे, हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल यांचे भट्टीत भाजलेले जाड धिरडेच मिळते, असे सांगून त्यांनी वन्संचे मत जवळजवळ फिरवलेही होते. तेवढ्यात यजमानांनी मोबाइलमधून मोठ्याने वाचले की, पाचांपैकी कोर्निलिया हे गाव कड्याच्या माथ्यावर असून स्थानकापासून तेथे जायला पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. पर्वतीच्या पायऱ्या 103. भागाकार वन्संनी मनातल्या मनात केला आणि गुडघ्यावर हात ठेवला. वर जायला लहानशी बसही आहे, हे पुढचे वाक्य वाचेपर्यंत त्या झोपायला गेल्या होत्या.

माझे मत कोणी विचारलेच नाही, असे म्हणता येणार नाही. तीनदा विचारले आणि तीनही वेळा मी "मला काहीही चालेल" असे उत्तर दिले. ज्या घरात हे वाक्य उच्चारले जाते, त्या घरातल्या माणसांनी त्याचा अर्थ "मला कोमो सरोवराला जायचे आहे" असा लावायला हवा, अशी माझी साधी अपेक्षा होती. अखेर मीच विषय काढला. आल्प्सच्या पायथ्याचे, उलट्या वाय अक्षराच्या आकाराचे, चारशे मीटरांहून अधिक खोल सरोवर. वारेन्नाहून बेल्लाजिओला बोटीने जायचे. मिलानपासून आगगाडीने तासाभराचा रस्ता. वन्संनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे तळे. अगं, आमचा रंकाळा घरापासून दहा मिनिटांवर आहे." रंकाळ्यासमोर कोमो मांडणे म्हणजे कोल्हापुरात राहण्यावर पाणी सोडणे होय, आणि कोल्हापूर तर माझे सासर, त्यामुळे मी गप्प बसले.

वन्संना स्वतःला काय हवे, ते त्यांनी बाराव्या दिवशी सांगितले. त्यांना कोणतेही गाव चालणार होते. फक्त घरात कपडे धुण्याचे यंत्र हवे, वरणभातापुरती शेगडी हवी आणि जिना नको. एवढी स्पष्ट मागणी आमच्यापैकी दुसऱ्या कोणाचीही नव्हती आणि म्हणूनच ती कोणी गांभीर्याने घेतली नाही.

मधल्या दिवसांत फ्लॉरेन्स पाहायचे राहून जाऊ लागले. उफिझी संग्रहालयात बोत्तिचेल्लीची व्हीनस शिंपल्यावर उभी राहून किनाऱ्याला लागत होती, तिच्यासमोर जगभरची माणसे श्वास रोखून उभी होती आणि आमचे यजमान मोबाइलकडे पाहत, चिंक्वे तेर्रेच्या पाचांपैकी एका गावाबद्दल, "वेर्नात्सातले घर गेले!" असे काहीशा मोठ्याने म्हणाले. पहारेकऱ्याने आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्हीच ते नेले होते. घर पसंत पडावे, चौघांची संमती मिळेपर्यंत दुसऱ्याच कोणीतरी ते घ्यावे, आणि गेलेले घर आपोआप सर्वांत उत्तम ठरावे, असा क्रम लागून गेला. त्यातच भाऊबहीण दोघांना एकदम आठवण झाली की, त्या आठवड्यात पितृपंधरवडा लागतो आणि या दिवसांत नवे घर पाहत नाहीत. हा नियम 7 रात्रींच्या भाड्याच्या घरालाही लागू होतो का, यावर 2 तास चर्चा झाली आणि खरेदी व भाडे यांत फरक आहे, असा निर्णय भावोजींनी कायद्याच्या आधारे दिला. ते निवृत्त सबरजिस्ट्रार आहेत.

तेराव्या दिवशी संध्याकाळी घरमालकीणबाई किल्लीची व्यवस्था सांगायला आल्या. आम्ही जाण्याचा दिवस शुक्रवार होता, हे ऐकताच त्यांनी दोन्ही हात वर केले आणि "शोपेरो!" असे म्हणाल्या. शोपेरो म्हणजे संप. रेल्वेचा संप होता, आणि त्याची सूचना स्थानकावर आधीपासून लागलेली होती. तेथे चार वेळा जाऊनही आम्ही ती इटालियनमध्ये असल्यामुळे जाहिरात समजलो होतो. संपाच्या दिवशीही कामाच्या वारी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात, अशी तेथे पद्धत आहे. म्हणजे सकाळी लवकर निघून 9 च्या सुमारास जेथे पोहोचता येईल, तेवढीच इटली आमच्यासाठी शिल्लक राहिली. यजमानांनी नकाशावर बोट ठेवले. बोटाखाली बोलोन्या आले.

चार दिवसांत बोलोन्याचे नावही कोणी काढले नव्हते. त्या रात्री 20 मिनिटांत घर मिळाले: तळमजला, शेगडी, कपडे धुण्याचे यंत्र. कागदावरचे मिलान रद्द झाले. वन्सं काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त मळलेल्या कपड्यांची पिशवी बॅगेत सर्वांत वर ठेवली.

बोलोन्याला इटलीत 'ला ग्रास्सा', म्हणजे लठ्ठ, असे म्हणतात आणि तो लठ्ठपणा प्रामुख्याने मांसाहारातून आलेला आहे, हे आम्हाला पोहोचल्यावर कळले. तेथे शाकाहारी माणसाचे प्राण एका मात्रेवर टांगलेले असतात: 'टोर्टेल्लीनी'त डुकराचे मांस असते आणि 'टोर्टेल्लोनी'त बहुधा रिकोत्ता, म्हणजे पनीरासारखे मऊ चीज. आयुष्यभर शुद्धलेखनाची थट्टा करणारे भावोजी वेटरसमोर प्रत्येक वेलांटी तपासू लागले. बाकी गाव वन्संच्या गुडघ्यांसाठीच बांधल्यासारखे निघाले. मैलोनमैल कमानींचे छत असलेले पदपथ, उन्हाचा आणि पावसाचा प्रश्नच नाही. सान लुका चर्चपर्यंतच्या चढाच्या रस्त्यावर तर 666 कमानी आहेत, त्यांतल्या पहिल्या 200 वन्संनी मोजल्या आणि बाकीच्यांना तेथूनच नमस्कार केला. दुपारी दुकाने बंद होतात, याचेही पुण्याच्या माणसाला काही वाटले नाही.

पहिल्या रात्री दोरीवर चौघांचे कपडे वाळत होते, कुकर नसल्यामुळे पातेल्यात शिजलेला वरणभात ताटांत होता आणि वन्संनी त्यावर तुपाऐवजी पार्मेजान चीज किसून घेतले होते. गेले दोन आठवडे त्या ते आवडीने खात आहेत. हे चीज बनवताना दूध विरजायला वासराच्या पोटातले रेनेट लागते, ही गोष्ट मला रोमच्या दुसऱ्या दिवशी कळली आणि ती मी अजून कोणालाही सांगितलेली नाही.

"उद्याचे काय?" यजमानांनी नकाशा उघडला. भावोजी उत्साहाने म्हणाले की, इथून जवळच पार्मेजानचे कारखाने आहेत, सकाळी लवकर गेले तर दुधापासून चीज कसे होते, ते सगळे समजावून सांगतात.

"जाऊ या की," वन्सं म्हणाल्या. "मला बघायचेच आहे, कसे करतात ते." इटलीत आल्यापासून चौघांचे एकमत होण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि तिघे माझ्याकडे पाहत होते, कारण मला काहीही चालते, हे सर्वांना माहीत होते.

"मला इथून जवळच्या फेरारा गावालाच जायचे आहे," मी म्हणाले. "उद्याही आणि परवाही."