पाच हजारांचा बंपर, पंधरा हजारांचा क्लेम

सोसायटीच्या ग्रुपवर गाडीच्या विम्याबद्दल पुन्हा तोच मेसेज फिरतोय: "प्रीमियम भरता ना? मग ओरखडा आला तरी क्लेम टाका. झिरो डेप असेल तर खिशातून एक पैसा जात नाही. एनसीबी फार तर 20 टक्के जाईल. वर्षभराचे सगळे डेंट एकाच क्लेममध्ये उरकून घ्या." (झिरो डेप म्हणजे बदललेल्या भागांचा घसारा न कापणारं जादा कव्हर; एनसीबी म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट.)

आधी त्या 20 टक्क्यांचं बघू, कारण खरा खड्डा तिथेच आहे. एनसीबी क्लेम नसलेल्या दर वर्षाला 20, 25, 35, 45, 50 टक्के अशा पायऱ्या चढतो. क्लेम झाला की एक पायरी खाली नाही, थेट शून्यावर. समजा, तुमचा ओडी (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम सूट धरण्याआधी 12,000 आहे आणि 50 टक्के एनसीबीमुळे तुम्ही 6,000 भरता. बंपरसाठी क्लेम घेतलात की पुढच्या वर्षी पूर्ण 12,000. त्यानंतर 9,600, 9,000, 7,800, 6,600, आणि मग कुठे परत 6,000. जास्तीचे गेले 15,000, वर 18 टक्के जीएसटी. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) दरवर्षी उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी जातील. तरी पाच हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी?

झिरो डेप असला तरी सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधली तुम्हीच भरायची रक्कम, सुटत नाही: 1,500 सीसीपर्यंत 1,000 रुपये, त्यापुढे 2,000. झिरो डेप नसेल तर प्लास्टिकच्या बंपरची निम्मी किंमत घसाऱ्यातच जाते.

सगळे डेंट एकत्र? प्रत्येक अपघात वेगळा क्लेम, प्रत्येकाची वजावट वेगळी. गणपतीत खांबाला घासलेलं दार आणि दिवाळीत रिक्षाने ठोकलेला मागचा बंपर एकाच धडकेत बसवायला गेलात, तर नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरला जुना गंज दिसतोच. खोटी हकिगत लिहून दिली की अख्खा क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

हेडलाइट, बॉनेट, रेडिएटर असं बिल तीस हजारांवर जात असेल, तर मात्र बिनदिक्कत क्लेम करा. एनसीबी प्रोटेक्टर (क्लेमनंतरही एनसीबी टिकवणारं जादा कव्हर) घेतला असेल तर गणित वेगळं. त्याच्या अटी वाचा. बंपर आधी खोलून बघा, आतला ब्रॅकेट तुटलेला असला तर अंदाज बदलतो.

"गाडी विकायचीच आहे, एनसीबी जाऊ दे की," असंही एकाने खाली लिहिलंय. अहो, एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतो.