गिरणी संप, कोयता गँग आणि डिलिव्हरीची कामं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘एसीत बसून गिग कामाला नावं ठेवणं सोपं आहे. ८२च्या संपानंतर ही अ‍ॅप असती, तर गिरणगावातली पोरं टोळ्यांत गेली नसती,’ असं तुम्ही लिहिलंत. (गिग काम म्हणजे पक्की नोकरी नसलेलं, अ‍ॅपवरून मिळणारं डिलिव्हरीसारखं काम.) एसीचं सोडा, पण गिरणगावाचा मुद्दा वजनदार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पण त्यानंतर तिथं किरकोळ, सुटी कामं नव्हती असं थोडंच आहे? कुणी वडापावची गाडी टाकली, कुणी भाजी विकली, कुणी वॉचमन झालं. बायकांच्या खानावळींवर कित्येक घरं तगली. तरीही टोळ्यांना पोरं मिळालीच. कारण गिरणीबरोबर नुसता पगार गेला नव्हता. फंड, ग्रॅच्युइटी गेली, पोराला बदली कामगार म्हणून चिकटवायची आशाही गेली. अ‍ॅपनं यातलं काय परत दिलं असतं?

आता आजच्या टोळ्यांचं उदाहरण घ्या : पुण्यातली कोयता गँग, म्हणजे कोयते घेऊन दहशत माजवणारी टोळकी. पकडलेल्यांत अल्पवयीन पोरं कितीदा असतात, ते बातम्यांत बघा. डिलिव्हरीला अठरा पूर्ण लागतात, पेट्रोलच्या गाडीला लायसन्सही. शाळा सुटलेल्या सोळा वर्षांच्या पोराला इथं प्रवेशच नाही.

अठरा झालेल्याचं तरी काय? मारामारीची एखादी केस अंगावर असली, की निकाल लागायच्या आधीच पोलीस पडताळणीत घोडं अडतं. मग तो मित्राचा आयडी, म्हणजे अ‍ॅपवरचं खातं, भाड्यानं घेतो. अ‍ॅपनं ओळख पटवायला सेल्फी मागितली की मित्राला शोधत पळायचं, कमाईतला वाटा त्याला द्यायचा, आणि अपघात झालाच तर विमा मित्राच्या नावावर! आठवड्याला पैसे हाती येतात आणि अनेक घरं त्यावर चालतात, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण तुमचा दावा गुन्हेगारीबद्दल होता. तिच्या काठावर उभ्या असलेल्या पोरांनाच हे काम सरळ मार्गानं मिळत नाही, एवढंच माझं म्हणणं.

‘सरकार आता सगळं देतंय’ हे तुमचं शेवटचं वाक्य. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाली. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम गिग कामगारांच्या निधीत भरायची, अशी त्यात तरतूद आहे. चांगलंच आहे. फक्त तिथं नोंद आयडीवाल्याची होणार. भाड्याच्या आयडीवर गाडी हाकणारा त्या हिशेबात कुठंच नाही.