कायोटी मागे आला म्हणून पळू नका: एका फॉरवर्डला उत्तर

एप्रिल उजाडला की कॅलिफोर्नियातल्या बे एरियात दोन गोष्टी हमखास येतात. भारतातून कुणाचे तरी आई-बाबा आणि त्यांच्या पाठोपाठ तो मेसेज. 'अमेरिकेत डोंगरावर फिरायला जाणाऱ्यांनी जरूर वाचा', खाली लाल उद्गारचिन्हं आणि मग सूचना. कायोटी मागे आला तर तो शिकार हेरतोय. त्यांच्यातला एक कुत्र्याला खेळायला बोलावतो आणि दहा-वीसच्या कळपाकडे नेतो. दिवसा दिसला तर पिसाळलेला समजा. कुठलाही हिंस्र प्राणी दिसला की नजर न देता पळत सुटा, नाहीतर झाडावर चढा, नाहीतर मेल्याचं सोंग घ्या. काठीला घुंगरू बांधा. जवळचा खाऊ त्याच्यापुढे टाका, तो खाण्यात गुंतेल. यंदा हे तीन ग्रुपवर आलं, त्यातला एक मेसेज माझ्या सख्ख्या मावशीचा. म्हणून हे लिहितोय.

आधी कायोटी म्हणजे काय ते सांगतो, कारण निम्मी भीती नावातच आहे. कुणी त्याला लांडगा म्हणतं, कुणी कोल्हा. तो दोघांचाही भाऊबंद. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ 'भुंकणारा कुत्रा'. कॅलिफोर्नियातला कायोटी साधारण दहा-पंधरा किलोंचा, म्हणजे आपल्या गल्लीतल्या कुत्र्याएवढा किंवा त्याहून हलकाच. उंदीर, खारी, ससे हे त्याचं रोजचं जेवण. पण 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण त्यालाही लागू आहे: झाडाखाली पडलेली फळं आणि शेतातली कलिंगडंही तो आवडीनं खातो.

आता 'मागे आला म्हणजे शिकार हेरतोय'. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात बाबांना घेऊन क्युपर्टिनोजवळच्या रांचो सान अँटोनिओ या राखीव रानात गेलो होतो. एक कायोटी तीस-चाळीस पावलांवरून मागे मागे येत राहिला. थांबलो की थांबायचा, चाललो की चालायचा. माझे हातपाय गार. बाबा जुन्नरचे, त्यांनी शांतपणे निदान केलं, "हा आपल्याला वेशीपर्यंत पोचवायला आलाय." नेमकं तेच होतं. कायोटीची पिल्लं वसंतात जन्मतात आणि उन्हाळाभर बिळाच्या आसपास वाढतात. त्या काळात आई-बाप आपल्या हद्दीतून जाणाऱ्यावर, विशेषतः कुत्रा सोबत असेल तर, नजर ठेवून चालतात. पाहुणा हद्दीबाहेर गेला की परत फिरतात. अशा वेळी कुत्र्याचा पट्टा आखूड धरायचा, लहान कुत्रा असेल तर उचलून घ्यायचा आणि कायोटीकडे तोंड ठेवून निघायचं. फारच जवळ आला तर हात वर करून ओरडायचं, पायाजवळ खडा मारायचा.

अमेरिका आणि कॅनडा मिळून कायोटीनं माणसाचा जीव घेतल्याच्या नोंदी दोनच आहेत. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलला घराच्या दारात तीन वर्षांची मुलगी गेली. २००९ मध्ये कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटनच्या पायवाटेवर एकोणीस वर्षांची तरुणी गेली. म्हणजे डोंगरवाटेवरची घटना एकच, आणि तीही पूर्वेकडच्या कायोटीची. ते आकारानं मोठे असतात, त्यांच्यात लांडग्याचं रक्त मिसळलेलं आहे. तिथल्या कायोटींवर नंतर संशोधन झालं. त्या भागात लहान शिकार फारशी उरली नव्हती, त्यामुळे ते चक्क मूससारख्या घोड्याएवढ्या हरणावर जगत होते, आणि मोठ्या सावजावर तुटून पडायची सवय त्यातून लागली असावी, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे धोका शून्य नाही. पण मेसेजमधलं चित्र ते नव्हे.

कुत्र्याला 'खेळायला बोलावून' नेणारा कायोटी ही गोष्ट सांगायला छान आहे. वास्तवात आपलाच कुत्रा त्याच्या मागे धावतो, कायोटी स्वतःच्या घराकडे पळतो आणि तिथे त्याचं बाकीचं कुटुंब असतं. कुटुंब म्हणजे जोडपं आणि मुलं, वीसची टोळी नव्हे. वीस वाटतात ते कोल्हेकुईमुळे. दोन कायोटी असा काही चढ-उताराचा सूर लावतात की अंधारात डझनभर आहेत असं वाटावं.

दिवसा दिसला म्हणजे पिसाळलेला, हेही नाही. माणसाचा त्रास नसेल तर ते दिवसाही हिंडतात, पिल्लांना भरवायचं असेल तेव्हा तर नक्कीच. झोकांड्या खाणारा, वेड्यासारखा अंगावर येणारा प्राणी वेगळा. चावलाच तर मात्र जखम साबणपाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट डॉक्टरकडे. तिथे चालढकल नको.

खरा राग मला येतो तो 'पळा, चढा, मेल्याचं सोंग घ्या' या ओळीचा. तिन्ही उपाय एका दमात, आणि प्राणी कुठला याचा पत्ता नाही! इथे चूक झाली तर जीव जातो, म्हणून जरा सविस्तर.

इथल्या डोंगरात प्यूमा आहे, ज्याला माउंटन लायन म्हणतात. नावात सिंह असला तरी तो डरकाळी फोडत नाही, मांजरासारखा घुरघुरतो. पळणारी वस्तू दिसली की मागे लागायचं हा त्याचाही मांजरीपणा. २०१८ मध्ये वॉशिंग्टन राज्यात नॉर्थ बेंडजवळ दोन सायकलस्वारांसमोर प्यूमा आला. त्यांनी ओरडून, सायकल आपटून त्याला आधी घालवलंही. तो परत आला, एकावर झडप घातली. दुसरा पळाला, तेव्हा प्यूमा पहिल्याला सोडून त्याच्या मागे लागला, आणि पळणाऱ्याचाच जीव गेला. उलट २०२० मध्ये युटातल्या प्रोवोजवळ एका धावपटूच्या मागे पिल्लांची आई लागली. तो सहा मिनिटं तिच्याकडे तोंड करून, ओरडत, मागे मागे चालत राहिला. शेवटी दगड उचलून भिरकावला तेव्हा ती वळली. त्यानं नजर हटवली नव्हती. मेसेज म्हणतो नजर देऊ नका!

आणि खाली बसणं तर नाहीच. जुन्नरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याबद्दल हेच सांगतात, असं बाबा म्हणाले: वाकलेला, उकिडवा बसलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, सावज वाटतं. इथेही सूचना तीच. मूल सोबत असेल तर उचलून घ्या, पण शक्यतो न वाकता, पाठ न फिरवता. त्याच रांचो सान अँटोनिओत फेब्रुवारी २०२० मध्ये सहा वर्षांच्या मुलीवर प्यूमानं झडप घातली. सोबतच्या मोठ्या माणसानं धावून जाऊन त्याला ढकललं, आणि मुलगी थोडक्या जखमांवर वाचली. ढकलणाऱ्याला तो मेसेज आला नव्हता, हे नशीब. अर्थात प्यूमाचे जीवघेणे हल्लेही विरळाच. २०२४ च्या मार्चमध्ये जॉर्जटाऊनजवळ दोन भावांवर हल्ला झाला, त्यात एकाचा मृत्यू झाला. कॅलिफोर्नियातली तशी घटना त्याआधी २००४ मध्ये घडली होती.

मेल्याचं सोंग हा उपाय एका प्राण्यापुरता, एका प्रसंगापुरता आहे. ग्रिझली अस्वल दचकून किंवा पिल्लांसाठी अंगावर आलं आणि त्यानं धरलंच, तर पालथं पडायचं, पाठीवरची बॅग तशीच ठेवायची, दोन्ही हात मानेवर. हे यलोस्टोन, ग्लेशियर अशा राष्ट्रीय उद्यानांत. कॅलिफोर्नियात ग्रिझली आता फक्त राज्याच्या झेंड्यावर उरलंय. शेवटचं दिसल्याची नोंद १९२४ ची. इथं आहे ते काळं अस्वल, जे रंगानं बरेचदा तपकिरी असतं, त्यामुळे रंगावरून ओळखायला जाऊ नका. त्याच्यापुढे मेल्याचं सोंग नको. आवाज करायचा, आणि हल्ला केलाच तर हाताला लागेल त्यानं तोंडावर मारायचं. झाडावर ते तुमच्यापेक्षा चांगलं चढतं, आणि धावतं ताशी पन्नास किलोमीटरनं.

घुंगरांबद्दल एवढंच, की त्या किणकिणीपेक्षा आपल्या गप्पा दूरवर ऐकू जातात. मराठी माणसांचा घोळका असेल तर ही सोय आपोआप झालेली असते.

राहिला खाऊ. सगळ्यात निरुपद्रवी वाटणारी आणि सगळ्यात घातक सूचना हीच. प्यूमा निव्वळ मांसाहारी, त्याला तुमच्या थेपल्याशी कर्तव्य नाही. कायोटीला आणि अस्वलाला मात्र आहे. पिकनिकच्या बाकावर एकदा चिवडा मिळाला की माणूस म्हणजे चिवडा हे समीकरण पक्कं होतं, आणि पुढच्या माणसाकडे तो मागायला येतो. कायोटी चावल्याच्या घटनांमागे बरेचदा असं कुणीतरी लाडानं भरवणारं सापडतं. चावरा झालेला प्राणी शेवटी मारला जातो. कॅलिफोर्नियातल्याच योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तर अस्वलं खाऊच्या वासानं गाड्यांची दारं उचकटतात, म्हणून तिथे लोखंडी पेट्या ठेवल्यात. (जाता जाता: यलोस्टोनमध्ये अस्वलाला हटवणारा तिखट फवारा (बेअर स्प्रे) जवळ ठेवा असं सांगतात, योसेमिटीत तो न्यायला बंदी आहे. मेसेजला हेही माहीत नाही.)

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं. जूनमध्ये येतेय, योसेमिटीचं बुकिंग झालंय. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग लाडू आणू नको का?"

"आण की," म्हटलं, "फक्त रात्री गाडीत ठेवायचे नाहीत. पेटीत ठेवू."